चिठ्ठीवर प्रश्न कुठे आहे?

जबडा कटकट वाजतो, सकाळी उठल्यावर कानाजवळ ठणकतं, जांभई देताना तोंड मध्येच अडकतं. अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा एमआरआय काढायचा की नाही, यावर सध्या कोल्हापुरातल्या दातांच्या डॉक्टरांत, फिजिओथेरपिस्टांत आणि पेशंटांतही हिरीरीने वाद चालतो. एक बाजू म्हणते, सांध्यातली गादी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उपचार करणं म्हणजे अंधारात तीर मारणं. दुसरी म्हणते, हा सगळा कटाचा, म्हणजे चिठ्ठीमागे डॉक्टरला मिळणाऱ्या दलालीचा, खेळ आहे, स्कॅन सेंटरची मशीन चालती राहावी म्हणून चिठ्ठ्या सुटतात. राजारामपुरीतल्या कुठल्याही दवाखान्यात अर्धा तास बसलात तर दोन्ही मतं ऐकायला मिळतील, आणि दोन्ही सारख्याच ठासून. मी स्वतः दातांचा डॉक्टर, म्हणजे या भांडणातला एक पक्षकारच. तरीही मला वाटतं की दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडताहेत. एमआरआयच्या उत्तराने पुढचा उपचार बदलणार आहे का, एवढंच विचारायला हवं. बदलणार असेल तर तो काढलाच पाहिजे, आणि आज असे काही पेशंट त्याविना राहतात. बदलणार नसेल तर तो फुकट मिळाला तरी काढू नये.

आधी सांधा, थोडक्यात. कानाच्या लगेच पुढे बोट ठेवून तोंड उघडा. जबड्याचं टोक आधी जागच्या जागी फिरतं आणि मग पुढे घसरतं, हे बोटाला कळेल. हे टोक आणि कवटीचं हाड यांच्यामध्ये चिवट कूर्चेची एक छोटी गादी असते. ती पुढे सरकली तर तोंड उघडताना जबडा उडी मारून तिच्यावर चढतो, आणि तोच तो ‘कट्’ आवाज. जबड्याला तिच्यावर चढताच आलं नाही, तर तोंड अर्ध्यावर अडतं. साध्या एक्स-रेत किंवा ओपीजीत (सगळ्या जबड्याचा एकाच फिल्मवरचा एक्स-रे) फक्त हाड दिसतं, सीबीसीटीत (जबड्याचा त्रिमितीय सीटी स्कॅन) तेच हाड अधिक स्पष्ट दिसतं. गादी पाहण्यासाठी १९४० च्या दशकापासून सांध्यात सुई घालून रंगद्रव्य सोडावं लागायचं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर एमआरआय आला आणि सुई न टोचता, किरणोत्सर्ग न होता गादी दिसू लागली. या कामात त्याला तोड नाही.

एमआरआयवाल्यांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा इथूनच निघतो, आणि तो त्यांच्यापैकी फारसं कुणी नीट मांडत नाही म्हणून मीच मांडतो. जबड्याच्या विकारांच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष २०१४ साली नव्याने प्रसिद्ध झाले. त्यांत हाताने तपासून केलेलं निदान स्कॅनशी ताडून पाहिलं होतं. गादी सरकलेली आहे पण तोंड उघडताना जागेवर येते, ही अवस्था नुसत्या तपासणीने ओळखता येण्याचं प्रमाण निघालं ३४ टक्के. म्हणजे तीनपैकी दोन केसेस आमच्या हातून सुटतात. हाडाची झीज जेमतेम ५५ टक्के वेळा पकडता येते. ‘माझी बोटंच माझा एमआरआय’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. पण त्याच कागदावर पुढे आणखी आकडे आहेत. स्नायूंचं दुखणं ओळखण्यात हीच बोटं ९० टक्के खरी ठरतात, सांध्याचं दुखणं ओळखण्यात ८९ टक्के, आणि नसलेलं दुखणं आहे असं म्हणण्याची चूक शंभरात एक-दोनदाच होते. गादी पुढे अडकून तोंडच उघडत नाही, ही खरी त्रासदायक अवस्था ८० टक्के वेळा हाताला कळते. मग जे सुटतं ते काय? मुख्यतः अशी गादी, जी सरकली आहे पण जिच्यासाठी वेगळं काही करायचं नसतं. मऊ खाणं, शेक, जबड्याचे व्यायाम, काही दिवस गोळ्या, गरज पडली तर रात्री दातांवर घालायचा साचा, म्हणजे स्प्लिंट; गादी जागेवर असलेल्या पेशंटलाही हेच सांगायचं आणि सरकलेल्यालाही हेच.

‘पण गादी सरकली म्हणूनच दुखतंय ना?’ हा प्रश्न पेशंट विचारतो आणि आमच्यातले बरेच जण होकारार्थी मान हलवतात. ज्यांना जबड्याची कसलीही तक्रार नाही अशा माणसांचे एमआरआय काढून पाहिले गेले आहेत, एकापेक्षा अधिक वेळा. साधारण तिघांत एकाची गादी सरकलेली निघते. तक्रार असलेल्यांत हे प्रमाण तीन-चतुर्थांशांच्या आसपास जातं, म्हणजे दोन्हींचा संबंध आहे, तो नाकारू नये. आता ढोबळ हिशोब मांडू. हजार माणसं घ्या. जबडा दुखण्याचं प्रमाण दहा टक्के धरा. अंदाज सर्वसाधारणपणे पाच ते बारा टक्क्यांच्या मध्ये असतात. दुखणाऱ्या शंभरांपैकी पंचाहत्तर जणांची गादी सरकलेली. न दुखणाऱ्या नऊशेंपैकी तीनशे जणांचीही सरकलेली. म्हणजे सरकलेल्या गादीची एकूण माणसं पावणेचारशे, आणि त्यांतली तीनशे मजेत ऊस सोलून खाताहेत. कुणी म्हणेल, दवाखान्यात येणारा माणूस दुखतंय म्हणूनच येतो, त्याला हा हिशोब का लावता? बरं, फक्त दुखणारे शंभर घ्या. पंचाहत्तर जणांची गादी सरकलेली दिसेल खरी, पण दुखत नसतं तरी शंभरांतल्या तेहतीसेक जणांची दिसलीच असती. ते तेहतीस कोण, हे फिल्मवर लिहिलेलं नसतं.

कमरेच्या बाबतीत हे नाटक आपण आधीच पाहून बसलो आहोत. १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांच्या कमरेचे एमआरआय काढले, ज्यांना कंबरदुखी अजिबात नव्हती. निम्म्याहून अधिक लोकांत निदान एका ठिकाणी तरी मणक्यातली गादी फुगलेली होती. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. हा अभ्यास जगातल्या अत्यंत नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तरी आज आपल्याकडे गल्लीगल्लीत ‘मणक्यात गॅप’ असलेली माणसं भेटतात, ज्यांनी वाकणं सोडलं, ओझं उचलणं सोडलं, आणि कंबर काही थांबली नाही. तोच रस्ता जबड्याने धरावा अशी कुणाची इच्छा आहे का?

जबड्याचा स्वतःचा इतिहास तर याहून बोलका आहे, आणि तो मला जरा सविस्तर सांगायचाय, कारण आपल्या दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात तो दोन ओळींत उरकला जातो. एडिंबराच्या थॉमस अॅनन्डेल या सर्जनने १८८७ साली सरकलेली गादी टाके घालून जागेवर बसवल्याचं नोंदवलं. पुढची कित्येक दशकं ही कल्पना फारशी पुढे गेली नाही, कारण कुणाची गादी कुठे आहे हे सांध्याबाहेरून कळणं अवघडच होतं. १९७० आणि ८० च्या दशकांत रंगद्रव्याच्या एक्स-रेचा वापर वाढल्याने आणि पाठोपाठ एमआरआयने ती सर्रास दिसू लागली, आणि दिसली म्हणून सर्जन ती बसवायला धावले. बसेना तर काढून टाकू लागले. काढलेल्या गादीच्या जागी १९८० च्या दशकात अमेरिकेत प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे तुकडे घातले गेले. चावण्याच्या दाबाखाली त्यांचा भुगा होऊ लागला, शरीर त्या भुग्यावर तुटून पडलं, आणि त्या लढाईत सांध्याचं हाडच झिजून गेलं. १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते इम्प्लांट मागे घ्यायला लावले. तोवर अनेक पेशंट, त्यांतल्या बहुतांश बायका, एकामागून एक शस्त्रक्रियांच्या चक्रात अडकल्या होत्या. नेमक्या त्याच सुमारास, १९९१ साली, उलट दिशेची एक साधी गोष्ट पुढे आली. अडकलेल्या सांध्यात दोन सुया घालून तो नुसता सलाईनने धुतला तरी तोंड उघडू लागतं. दुर्बिणीने सांधा धुणाऱ्यांनाही हाच अनुभव येत होता. बऱ्या झालेल्या या पेशंटांचे नंतर एमआरआय काढले तर बहुतेकांची गादी होती तिथेच, पुढेच सरकलेली. माणूस बरा झाला, गादी बरी झाली नाही! मग इतकी वर्षं उपचार कशाचा चालला होता?

खासबाग मैदानातल्या कुस्तीचा एक फोटो दाखवून निकाल विचारला तर तुम्ही फार तर एवढं सांगाल की अमुक पैलवान त्या क्षणी खाली होता. एमआरआयही असाच एका क्षणाचा फोटो. गादी सरकली तरी तिच्या मागची ऊती हळूहळू घट्ट होते, दाब पेलायला शिकते, आणि अडकलेलं तोंडही बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप सैल होत जातं. हा काळ एमआरआयच्या फिल्मवर उमटत नाही.

‘पाहून ठेवायला काय जातं?’ या प्रश्नाचं उत्तर पैशांपासून सुरू होतं, पण पैशांवर संपत नाही. चंदगड किंवा आजऱ्याहून येणाऱ्याचे काही हजार रुपये आणि दिवसभराची मजुरी जाते. त्याहून मोठं नुकसान रिपोर्ट हातात पडल्यावर होतं. ‘डिस्क डिस्प्लेसमेंट’ हे दोन शब्द वाचलेला माणूस भाकरी मोडताना घाबरतो, जांभई दाबतो, दिवसातून वीस वेळा आरशासमोर जबडा वाजवून बघतो. आणि घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं. यंत्राने दात घासून चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) ‘जुळवून’ देणं, सगळ्या दातांना कॅप्स, पस्तिशीत लावलेल्या तारा, असं सगळं गादीच्या नावाने खपतं. घासलेला दात परत वाढत नाही. दंतसंशोधकांच्या अमेरिकन संघटनेने २०१० साली याबाबत आपलं धोरण जाहीर केलं. निदान मुख्यतः पेशंटची हकीकत आणि तपासणी यांवर करावं, स्कॅन गरज असेल तेव्हा काढावा, आणि जे उलटं फिरवता येत नाहीत असे उपचार सबळ कारणाशिवाय करू नयेत, असं त्याचं सार आहे. यात नवं काहीच नाही. तरी दर पाच वर्षांनी कुणाला ना कुणाला ते पुन्हा सांगावं लागतं.

तरुण डॉक्टरांची एक अडचण मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात, ‘सर, उद्या पेशंट ग्राहक मंचात गेला तर?’ १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हापासून ही भीती खरी आहे. फाईलमध्ये फिल्म असली की झोप लागते. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात त्याच न्यायालयाने निष्काळजीपणाचं जे माप धरलं, ते काय होतं? सर्वसाधारण कौशल्याचा डॉक्टर त्या परिस्थितीत जी काळजी घेईल, ती घेतली का? म्हणजे पहिल्या दिवशी तोंड किती मिलिमीटर उघडत होतं, कुठे दाबल्यावर दुखलं, काय सांगितलं, तीन आठवड्यांनी किती उघडलं, हे लिहून ठेवलेलं असणं. आमच्यापैकी कितीजणांच्या केसपेपरवर हे मिलिमीटर असतात? पट्टी दहा रुपयांना मिळते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिचा युक्तिवादही तितकाच पोकळ आहे. कट आहे का? आहे. नसता तर २०१७ साली महाराष्ट्र सरकारला कटप्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा का करावा लागला असता? पण चिठ्ठी कटासाठी सुटली म्हणून चाचणी निरुपयोगी ठरत नाही. आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या, अर्थात गुन्ह्याची तुलना मी करत नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापुरात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली उरल्या होत्या. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी मशीनवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले गेले. तेव्हा सोनोग्राफीच बंद करा असं कुणी शहाण्याने म्हटलं का? बाळ आडवं आहे, पाणी कमी आहे, हे त्याच मशीनवर कळत होतं. नियंत्रण हवं होतं ते कोण कशासाठी बघतोय यावर. आणि ‘यंत्रं नकोत, अनुभव पुरे’ म्हणणाऱ्यांनी जेम्स कॉस्टेन आठवावेत. अमेरिकेतल्या या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९३४ साली अवघ्या ११ पेशंटांवरून मांडलं की दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांधा मागे दाबला जातो आणि त्यातून कानात दडे, चक्कर, डोकेदुखी येते. शरीररचनेच्या अभ्यासकांनी हे कारण पुढे खोडून काढलं, तरी कित्येक वर्षं लोकांचे चावे उंचावले गेले. तिथे यंत्र नव्हतं, होता तो अनुभवच.

एमआरआय काढायला हवा पण काढला जात नाही, ती ठिकाणं कुणाच्याच भांडणात येत नाहीत. संधिवात असलेलं दहा वर्षांचं मूल घ्या. लहान मुलांच्या संधिवातात जबड्याचा सांधा अनेकदा काहीही न दुखता सुजतो. खालच्या जबड्याची वाढ ज्या टोकाकडून होते तेच टोक आतून झिजत जातं, आणि हनुवटी मागे राहिल्याचं आई-बापांच्या लक्षात येतं तेव्हा वेळ गेलेली असते. ती सूज लवकर पकडायला कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध सोडून काढलेला) एमआरआय हेच सगळ्यात चांगलं साधन आहे, आणि वेळेवर कळली तर औषधं बदलता येतात. इथे उत्तराने उपचार बदलतो. गुडघा सुजलेल्या मुलाचा जबडा बघायचं किती जणांना सुचतं? तसंच, आठवडेच्या आठवडे व्यायाम-स्प्लिंट करूनही न सुटणारं अडकलेलं तोंड, शस्त्रक्रियेचा विचार, आपोआप बदलत चाललेला चावा, एका बाजूला सरकत जाणारी हनुवटी, गालावर बधिरपणा, कानापुढे वाढणारी गाठ. यांपैकी काही असेल तर ‘बघू महिनाभर’ म्हणणं हा निव्वळ आळस आहे. ओपीजी नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवणं त्याहून वाईट.

उलट, जिथे एमआरआयचा काही संबंधच नाही तिथे तो वेळ खातो. तोंड उघडत नाही अशी तक्रार आपल्या भागात सांध्याइतकीच माव्यामुळे येते. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली. सुपारी, तंबाखू आणि चुना मात्र पानटपरीवर मळून मिळतच राहिले. स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर गालाच्या आत बोट फिरवलं की घट्ट पांढरट दोऱ्या लागतात का, हे दहा सेकंदांत कळतं. तो आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, आणि अशा पेशंटला सांध्याच्या स्कॅनला पाठवणारी चिठ्ठी म्हणजे तोंडात टॉर्च न मारल्याचा पुरावा आहे. पन्नाशीपुढच्या माणसाला नव्याने कानशिलात दुखतंय आणि चावता चावता जबडा भरून येतोय, तर आधी रक्ताचा ईएसआर, म्हणजे शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारी साधी तपासणी, हवा. कानशिलाच्या धमनीची सूज दृष्टी घेऊ शकते. जिना चढताना जबडा दुखत असेल तर त्याला हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवायचं, तेही लगेच.

आणि काढायचाच तर नीट काढा. तोंड मिटून एकदा आणि उघडून एकदा, सांध्यासाठीची छोटी कॉइल (संदेश टिपणारा मशीनचा भाग) लावून, जबड्याच्या टोकाच्या तिरक्या दिशेने, तीन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेद घेतले तरच गादी परत जागेवर येते की नाही हे कळतं. मेंदूच्या स्कॅनमध्ये जाता जाता दिसलेल्या सांध्यावरून काढलेला निष्कर्ष कुणाच्याच कामाचा नसतो. पण रेडिओलॉजिस्टला दोष कसा द्यायचा? त्याच्या टेबलावर येणाऱ्या चिठ्ठीवर पेशंटचं नाव, वय आणि ‘एमआरआय टीएमजे’, म्हणजे जबड्याच्या सांध्याचा एमआरआय, एवढंच लिहिलेलं असतं.

रिपोर्टच्या तळाशी ‘असं निरोगी माणसांतही आढळतं’ अशी ओळ छापावी, ही सूचना मला पूर्वी फार आवडायची. कमरेच्या रिपोर्टवर अमेरिकेत तसा मोठा प्रयोग झाला. त्याने पुढच्या उपचारांचं एकूण प्रमाण घटलं नाही. अफूजन्य गोळ्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित कमी झाल्या. रिपोर्ट हातात आल्यावर पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही उशीर झालेला असतो. म्हणून अट आधीच घालायला हवी. चिठ्ठीवर तीन गोष्टी असाव्यात: तोंड किती मिलिमीटर उघडतं, आतापर्यंत किती आठवडे काय केलं, आणि गादी सरकलेली निघाली तर काय करणार व न निघाली तर काय करणार. या शेवटच्या दोन उत्तरांत फरक नसेल तर स्कॅन सेंटरने चिठ्ठी परत पाठवावी. याला ना कायदा लागतो ना सायलेंट ऑब्झर्व्हर. शहरातल्या दंतवैद्यांनी आणि रेडिओलॉजिस्टांनी एका संध्याकाळी एकत्र बसून छापील चिठ्ठीचा एक नमुना ठरवला तरी पुरे. पहिले काही महिने स्कॅन सेंटरचा धंदा थोडा बसेल आणि आमच्यापैकी काहींची चिडचिड होईल, माझीही. ती रिकामी झालेली वेळ संधिवाताच्या मुलांना द्या.